रोहिणीतले पांढरे पत्रे

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही चौथीचं अर्धं वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेताच्या बांधावर गेलं. पुढं सगळा जन्म हातात कुंचा राहिला, म्हणून अक्षरंही भिंतीवर ओढल्यासारखी मोठमोठी आणि वाकडी येतात. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वंदनाताई आमच्या गावच्या आशाताई आहेत. त्या म्हणाल्या, एका दिवाळी अंकाला काम करणाऱ्या बायांचे अनुभव हवे आहेत, तुम्ही लिहा. मी लिहायला बसले आहे खरी, पण पाठवीन की नाही ते अजून ठरलेलं नाही. चारचौघांत तोंड उघडायची मला लहानपणापासून लाज वाटते. त्या लाजेनंच एकदा मला मोठ्या घोळात टाकलं, तेही पुढं येईल.

माझं काम चुना देण्याचं. आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावाच्या अलीकडं आहे. नाव लिहीत नाही, कारण गावातल्या माणसांबद्दल लिहायचं आहे आणि ती सगळी आपलीच माणसं आहेत. माझ्या सासूबाई घरोघरी चुना द्यायच्या, त्यांच्या हाताखाली मी शिकले. महालक्ष्म्यांच्या आधी आणि दिवाळीच्या आधी आम्हा दोघींना पाणी प्यायला फुरसत नसायची. मग दुकानात डब्यातले रंग आले, पिवळे, गुलाबी, आणि चुन्याला कुणी विचारेना. आमचे मालक गवंड्यांच्या हाताखाली जात होते, त्यावर घर चाललं. मी कुंचे धुऊन माळ्यावर टाकले होते. ते पुन्हा खाली काढायला लावले उन्हानं.

झालं असं की आमच्याकडं आधी माळवदाची घरं होती. वर मातीचा जाड थर, आत गारवा. पण माळवद गळायला लागलं की दरसाल माती टाकावी लागते, आणि ते करणारा माणूस मिळेना. मग ज्याच्या त्याच्या घरावर पत्रे आले. पत्र्याला पावसाचं भेव नाही, पण चैत्र लागला की दुपारी त्या घरात भाकरीचं पीठ सुद्धा गरम लागतं. ऊनही आता पहिल्यासारखं राहिलं नाही. पहिल्यांदा रात्र झाली की हवा निवायची. आता पहाटेपर्यंत पत्रा ऊबच देत राहतो.

वंदनाताईंना बाळंतिणी बघत घरोघरी फिरावं लागतं. कुठल्याशा शिबिरात त्यांनी पांढरं केलेलं छत बघितलं होतं. एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडं चुना हाय, गावाकडं पत्रे हायेत. बसून काहून राहिलात?"

पहिला पत्रा अंगणवाडीचा केला आणि पार फसला. मी आपली भिंतीसारखा चुना कालवून दुपारी वर चढले. तापल्या पत्र्यावर चुना पडल्या पडल्या चुरचुरला, सुकला आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं पापडासारखा उडून पोरांच्या खिचडीत आला. सेविकाबाई म्हणाल्या, "गयाबाई, थंड करायला सांगितलं व्हतं, खारं न्हाई." मी फुकट दुसऱ्यांदा करून दिला.

आता कसं करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होईल. कळीचा चुना पिंपात भिजवायचा. तो आपला आपणच उकळतो, तेव्हा जवळ वाकायचं नाही आणि लेकरं तर लांबच ठेवायची. निवला की तसाच मुरू द्यायचा, मग धोतराच्या फडक्यानं गाळायचा. त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि सुतार वापरतात तो पांढरा गोंद घालायचा, त्याशिवाय चुना पत्र्याला धरत नाही. भिंतीच्या चुन्यात नीळ घालतात, पत्र्याच्या चुन्यात घालायची नाही. पत्रा आधी तारेच्या ब्रशनं घासून गंज काढायचा, धुवायचा. वर चढायचं ते दिवस उगवायच्या आत. पाय द्यायचा तो खिळ्यांच्या ओळीवरच, कारण तिथं खाली लाकूड असतं. मधे पाय पडला तर माणूस सरळ घरमालकाच्या चुलीपाशी. पहिला हात आडवा, दुसरा उभा. दुसरा हात देताना ऊन वर आलेलं असतं आणि पांढऱ्यावरून असं डोळ्यांत शिरतं की संध्याकाळी भाकरी थापताना परात दिसत नाही. वंदनाताईंनी मला काळा चष्मा आणून दिला. डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर काळा चष्मा, अशी मी पत्र्यावर उभी राहिले की खालून पोरं शिट्ट्या मारायची. गावातले टवाळ म्हणायचे, गया आता सगळ्या गावाला चुना लावून राहिली. हसायचे, मग आपल्याही पत्र्याचं विचारायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. हट्टा गावाजवळ एकाचं कोंबड्यांचं शेड होतं. उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून मरायच्या. शेड पांढरं केलं, कोंबड्या मरायच्या थांबल्या. पण तो भला माणूस महिनाभरानं फोन करून म्हणतो, "बाई, तुमच्या चुन्यानं कोंबड्या लई खाऊन राहिल्या, खाद्याला पैसा पुरंना." मी घाबरून मालकांच्या हातात फोन दिला. मालक म्हणाले, "मग पत्रा काळा करून देऊ का?" तो हसला आणि पुढच्या वर्षी त्यानं बोलावून घेतलं.

शिरड शहापूरला एक रिटायर झालेले मास्तर होते. त्यांना पांढरं छत पाहिजे होतं, त्यांच्या मंडळींना नको होतं. मी शिडी लावली तर माउली शिडीला धरून उभी. "घरावर पांढरं पांघरूण घालता? आमी दोघं जित्ते हाव अजून." मास्तर समजावून थकले. मला त्या बाईचं पटलं. आमच्यात घरातलं माणूस गेल्यावर जे पांघरतात तोच तो रंग. मी गेरू कालवला आणि आधी पत्र्याच्या कडेनं चारी बाजूंनी लाल पट्टा ओढला, लुगड्याला काठ असतो तसा. म्हटलं, आता बघा. ती अंगणात लांब जाऊन उभी राहिली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "आता कसं सवाष्णीचं दिसतं." तेव्हापासून मी प्रत्येक पत्र्याला गेरूचा काठ देते. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता घोळाचं लिहिते.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या नऊ घरांचे पत्रे माझ्याकडं आले होते. एवढं काम गावात एकदम कधीच मिळालं नव्हतं. शेवटचं घर किशनचं. किशनला आठ एकर कोरडवाहू, सोयाबीन करतो. त्याची बायको दुर्गा तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. लेकराच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नाही इतक्या घामोळ्या. ते दिवसभर रडायचं आणि दुर्गा त्याला ओल्या फडक्यावर घेऊन बसायची. तिच्या पत्र्याचा पहिला हात झाला आणि रोहिणी नक्षत्र लागलं.

शहरातल्या वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी लागते आणि जूनच्या सुरुवातीला मृग. आमच्याकडं जाणती माणसं असं धरतात की रोहिणी जितकी तापेल तितका मृग चांगला पडेल. रोहिणीत ऊन कमी झालं, ढग आले तर म्हातारी माणसं नाराज होतात. मीही तेच ऐकत वाढले आणि मलाही ते खरंच वाटतं.

त्या संध्याकाळी मी ब्रश आणि बादली घेऊन मारुतीच्या पारावरून चालले होते. पारावर माणसं बसली होती आणि किशन मोबाईलवर काही दाखवत होता. बाहेरच्या देशातले शास्त्रज्ञ म्हणतात की पृथ्वी फार तापायला लागली आहे, तर विमानं खूप उंच न्यायची, तिथं बारीक भुकटी उडवायची, म्हणजे थोडं ऊन वरच्या वर परत जाईल आणि सगळी दुनिया थोडी गार होईल. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, असं करू नका, पाऊसपाणी बिघडेल. दोन्हीकडचे लोक मोबाईलमध्ये भांडत होते आणि पारावरचे ऐकत होते.

भुजंगआबा मधोमध बसले होते. गावात त्यांचा शब्द चालतो. विहिरीला पाणी आहे, हळदीचं मोठं रान आहे, वय झालं तरी सकाळी स्वतः बांधावर जातात.

"सूर्याला झाकायचं म्हणतेत?" आबा म्हणाले.

"झाकायचं न्हाई आबा, जरासं मागं लोटायचं," किशन म्हणाला. "आता आपली गयाकाकू पत्र्याला चुना देते ना, तसा आभाळाला द्यायचा."

"मग गयाकाकूला बसवा विमानात," कुणीतरी म्हणालं.

"शिडी पुरत न्हाई तिची!"

सगळे हसले. मी पदर पुढं ओढून पाय उचलला. पण आबा हसले नव्हते. त्यांनी मला हाक मारली, "सुनबाई, थांब जरा."

मी पाराखाली थांबले. वंदनाताई समोरच्या घरातून बाहेर येत होत्या, त्याही थांबल्या.

आबा म्हणाले, "रोहिणी लागली. आता पत्र्याचं काम बंद ठेव. मृग पडू दे, मग कर."

किशन म्हणाला, "आबा, चार पत्र्यांनी पाऊस थांबतो का कुठं?"

"मग हे तुझे मोबाईलवाले काय म्हणून राहिले? भुकटीनं सगळी दुनिया गार व्हती, पाऊस बिघडतो. तेवढ्यानं तेवढं व्हत असंल तर एवढ्यानं एवढं काहून व्हनार न्हाई?"

किशननं मोबाईल खिशात घातला.

वंदनाताई म्हणाल्या, "आबा, दुर्गाचं लेकरू बघा येऊन. साऱ्या अंगाची आग व्हते त्याच्या."

"लिंबाखाली बाज टाका त्याची. ताई, तुमी शिकलेल्या हाव. जमीन तापते, हवा वर जाते, मग ढग येतो. हाय का न्हाई पुस्तकात?"

"हाय," वंदनाताई म्हणाल्या. "पण..."

"मग? ऊन गल्लीचं न्हाई, साऱ्या शिवाराचं हाय. या नऊ घरांनी परत पाठवायच्या आधी आमाला कुणी विचारलं?"

हे ऐकून किशनचाही चेहरा बदलला. मागच्या साली मृग हुकला होता आणि त्याला दोनदा पेरावं लागलं होतं. एकीकडं लेकरू, एकीकडं आठ एकर. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "काकू, माझा पत्रा अर्धा झालाय. पुरा करा. पण मृग कोरडा गेला तर?"

मी काय सांगणार होते? मृग माझ्या हातात नाही एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी बादली या हातातून त्या हातात घेतली.

आबांनीच मधलं काढलं. "असं करू. काम पुरं कर. मृग पडला तर कुणाचं काही न्हाई. कोरडा गेला तर नवाच्या नऊ घरांचे पैसे वापस. कबूल?"

मला तिथून निघायचं होतं. मी म्हटलं, "व्हय."

पाराला वळसा घातल्यावर वंदनाताईंनी मला गाठलं. "काकू, पावसाची हमी कुणी देतं का हो?" घरी मालकांनीही तेच विचारलं. मला रडू आलं. मालक म्हणाले, "जाऊ दे, पडंल मृग." पैसे कुठं शिल्लक होते? चुन्याचे, गोंदाचे गेले होते आणि उरले ते मालकांच्या मोतीबिंदूच्या कामाला लागले होते.

दुर्गाचा पत्रा दुसऱ्या दिवशी पुरा केला, काठासकट. त्या दुपारी मी खाली बादली धूत होते तर घरातून रडण्याचा आवाज येईना. भीत भीत आत डोकावले. लेकरू पाय फाकून झोपलं होतं आणि दुर्गाही भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या सासूनं मला तोंडावर बोट ठेवून बाहेर काढलं. घर काही थंडगार झालं नव्हतं, खोटं लिहीत नाही. पण आगीपुढून उठून दोन हात लांब बसावं इतका फरक होता. त्या रोहिणीत गल्लीतल्या बाया दुपारी घरात बसून गहू निवडत होत्या. दरसाल त्या देवळात जाऊन बसायच्या.

मग मृग लागला. सकाळी उठून मी आधी आभाळ बघायची. आभाळ धुतल्या ताटासारखं. वारा सुटायचा, वावटळ यायची, शेतातल्या आखाड्यावरचा पालापाचोळा उडायचा आणि सगळं थांबायचं. खाली आमच्या गल्लीचे पत्रे इतके पांढरे की मला वर बघायला लाज आणि खाली बघायला भेव. एक विचार मनातून जाईना. पैशाचं सोडा, पण आपणच तर आलेला पाऊस मागं पाठवला नाही ना?

एका सकाळी मी तारेचा ब्रश घेऊन आमच्याच पत्र्यावर चढले आणि चुना घासून काढायला लागले. आवाजानं मालक बाहेर आले.

"काय करून राहिलीस?"

"काढून टाकते. कुणाच्या तरी पिकाचं नुकसान व्हण्यापेक्षा आपलं घर तापलेलं बरं."

मालकांनी शिडी धरली. म्हणाले, "घास. पण आपलाच घास, दुसऱ्याच्या पत्र्याला हात लावू नको. त्यांचे पैसे घेतलेत तू."

पत्र्याचा एक पट्टा घासून झाला, हात भरून आले, तेव्हा मी खाली उतरले. पाऊस आला नाही. त्या पट्ट्याखाली आमची मांडणी होती, तिथलं लोणचं मात्र त्या आठवड्यात खराब झालं.

मृग कोरडा गेला. आमच्याच गावाचा नाही, आजूबाजूचाही. पारावर पुन्हा माणसं जमली आणि मला निरोप आला. या वेळी मालक बरोबर होते.

वंदनाताई माझ्या बाजूनं म्हणाल्या, "आबा, डोंगरकड्याला एक बी पत्रा पांढरा न्हाई. तिथं काहून न्हाई पडला?"

"आभाळाला शीव असते का ताई? इथलं बिघडलं तर तिथं बी बिघडंल."

"मंग पडला असता तर गयाकाकूमुळं पडला म्हणला असता का?"

आबांनी थोडा विचार केला. "न्हाई म्हणलो असतो," ते म्हणाले. "पण ते बोलीत नव्हतं. बोली झाली ती झाली."

मागून एक जण बोलला, "बाईमाणसानं आभाळाशी खेळू नाही." आबा एकदम त्याच्यावर चढले. "तोंड सांभाळ. तिनं शब्द दिलाय, ती पैसे देईल. तुमी पैसे घ्या, त्याच्यावर एक शब्द न्हाई बोलायचा. मुदत दिवाळीपर्यंत." त्या दिवशी मला आबांचा फार राग होता. तरी एवढं खरं, की त्यांच्यामुळं गावात पुन्हा कुणी मला टोचून बोललं नाही. आज त्याचं मोल कळतं.

मृगानंतरच्या आर्द्रा नक्षत्रात पाऊस आला आणि चांगला आला. लोकांनी पेरलं. पत्र्यांवरचा चुना थोडा वाहिला, बराचसा टिकला. किशन रस्त्यात भेटला तर खाली बघून म्हणाला, "काकू, पाऊस आला, पण बोली मृगाची व्हती. माझं बी बियाणं उधार हाय." मी म्हटलं, देते बाबा.

पावसाळ्यात पत्र्याचं काम नसतं. मी खुरपायला जायचं ठरवलं. माझे हात कुंच्याचे, खुरप्याचे नाहीत. सगळ्या बायांची पात, म्हणजे खुरपायला धरलेली ओळ, बांधाला लागायची, तेव्हा मी मधेच असायची. अशा हातानं दिवाळीपर्यंत नऊ घरांचे पैसे कसे फिटणार, हे मला पहिल्याच दिवशी कळून चुकलं.

एका दुपारी भाकरी खाताना दुर्गा म्हणाली, "काकू, आबांच्या हळदीच्या खुरपणीचं गुत्तं निघालंय. आपण घेऊ." गुत्तं म्हणजे रोजानं नाही, सगळ्या रानाची एकदम ठरवून मजुरी. जितकं लवकर आटपेल तितकं परवडतं. मी म्हटलं, माझ्यामुळं तुमचं लांबेल, मला धरू नका.

"तुमची पात आमी वढू," ती म्हणाली.

मग मी बघितलं कोण कोण आलं आहे. नऊ घरांतल्या नऊ जणी. त्याच, ज्यांच्या घरी मला पैसे नेऊन द्यायचे होते.

खुरपणीत एखादी मागं पडली की पुढं गेलेल्या बाया बांधापासून उलट्या फिरून तिची पात खुरपत येतात, त्याला पात ओढणं म्हणतात. लेकुरवाळीची ओढतात, आजारी असेल तिची ओढतात. माझी रोज ओढली. मी पातीच्या मधे असायची आणि समोरून कुणीतरी हसत हसत माझ्याकडं येत असायची. हळदीच्या पानांत बसलेलं माणूस दिसत नाही, नुसता आवाज यायचा. "ए विमानवाली, आलीस का?" एक विचारायची. दुसरी म्हणायची, "तिला आभाळ खुरपायला सांगा, तिथं बराबर चालंल तिचं." मला इतकं कुणी चिडवलं नव्हतं आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

पहिल्या खुरपणीचे पैसे आबांनी माझ्या हातात दिले. "वाटून घ्या," म्हणाले आणि पाठ फिरवून बैलाला पाणी दाखवायला गेले. मी वाटायला बसले तर प्रत्येकीनं आपल्या वाट्यातून थोडे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. मी नको म्हणाले. त्यांच्यातली सगळ्यात थोरली होती धुरपताबाई. ती म्हणाली, "गप बस. रोहिणीत घरात झोपलो कोण? आमी. बोली केली कोण? बाप्यांनी. आमचं आमी देऊन राहिलो. घरी मातर बोलू नको."

असे ते पैसे आबांच्या हळदीतून निघून बायांच्या हातात, तिथून माझ्या हातात आणि माझ्या हातून त्यांच्याच नवऱ्यांच्या खिशात जाऊ लागले. एकेक घर फिटत गेलं. धुरपताबाईच्या मालकांना दिले तेव्हा त्यांनी ते लगेच तिच्याकडंच ठेवायला दिले. ती माझ्याकडं न बघता आत गेली आणि आत जाऊन खोकली. ते हसणं होतं हे मला कळलं.

त्या खुरपणीत वाकून वाकून मी मोबाईलमधल्या भांडणाचा पुष्कळ विचार केला. मोठ्या लोकांचं मला कळत नाही. पण मला वाटतं, पत्रा ज्याचा त्याला विचारून पांढरा करता येतो. कुणाला काठ हवा असेल तर काठ देता येतो, नको वाटलं तर घासून काढता येतो. आभाळाचं कुणाला विचारायचं आणि पुढं कुणाचा मृग हुकला तर त्याला पैसे कुणी नेऊन द्यायचे? आबा हेच विचारत होते. माझ्या पत्र्यांच्या बाबतीत त्यांचं चुकलं असेल, विचारणं चुकलं नव्हतं. आमच्या पत्र्यांनी मृग गेला का? वंदनाताई म्हणतात नाही. मलाही आता नाहीच वाटतं. पण माझं मन पुरतं मोकळं आहे असं लिहिलं तर खोटं होईल.

हळदीची शेवटची खुरपणी झाली तोवर एकट्या किशनचेच राहिले होते. पाऊस उघडून ऊन पुन्हा कडक पडलं होतं. आबांनी पैसे दिले आणि या वेळी गेले नाहीत. म्हणाले, "सुनबाई, म्हशी तोंडाला फेस आणून राहिल्या. गोठ्याचा पत्रा करशील?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "आधी किशनचे देते. मग करते."

"हमी काय देशील?"

नऊ जणी ऐकत होत्या, आबांचा गडी ऐकत होता. तरी या वेळी मी बोलले. "पत्रा गार राहील. चुना उडाला तर फुकट करून देईन. पावसाचं मला काही म्हणता यायचं न्हाई."

आबांनी मान हलवली. "हेच तवा म्हणायचं व्हतं," ते म्हणाले. "मी बी ऐकलं असतं."

संध्याकाळी मी किशनच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता, लेकरू त्याच्या मांडीवर. अंग स्वच्छ, गुटगुटीत झालेलं. मी नोटा पुढं केल्या. तो लाजला, तशाच घडी करून खिशात घालायला लागला. म्हणाला, "काकू, तुमच्यावर काय अविश्वास हाय का? मोजायचे कशाला?"

दुर्गा उंबऱ्यात उभी होती, हातांना अजून हळदीच्या रानाची माती.

"मोजा," ती म्हणाली. "नीट मोजा. माझ्या खुरप्याचे बी हायेत त्याच्यात."

किशन तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. लेकराला खाली ठेवलं, नोटा पुन्हा बाहेर काढल्या आणि दिव्याजवळ नेऊन एकेक करून मोजल्या. पुऱ्या भरल्या.